यादीत नाव कुणाचं?

परवा आमच्याकडे पॉटलक होतं. साबुदाणा वडे संपेपर्यंत गप्पा युद्धावर आल्या आणि एक काका म्हणाले, "इथल्या पोरांना सक्तीने दोन वर्षं लष्करात धाडलं पाहिजे. सरळ होतील!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली असती, पण समोर फ्रिजवर चुंबकाखाली लेकाचं सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं कार्ड लटकत होतं. अमेरिकेत मुलगा अठरा वर्षांचा झाला की तीस दिवसांत लष्करी भरतीसाठी नाव नोंदवायचं, ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा. त्याने फोनवर फॉर्म भरला आणि त्याच दमात विचारलं, "बाबा, पिझ्झा मागवू?"

सक्तीची भरती इथे 1973 पासून बंद आहे, त्यामुळे कार्डाचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

काका गेल्यावर मी 1940 सालाबद्दल वाचत बसलो. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकन जनमत झपाट्याने सक्तीच्या भरतीकडे झुकलं. सप्टेंबरात कायदा झाला आणि 16 ऑक्टोबरला, एकाच दिवसात, 21 ते 35 वयाच्या 1 कोटी 60 लाखांवर पुरुषांनी नावं नोंदवली. मग 29 तारखेला वॉशिंग्टनमध्ये सोडत. युद्धमंत्री स्टिमसन यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून काचेच्या भांड्यातून पहिली चिठ्ठी काढली. आकडा निघाला 158. सभागृहात बसलेली एक बाई किंचाळली. तिच्या मुलाचा नंबर होता तो.

पाठिंबा देशाने दिला होता, किंचाळली ती एकटी.

पुढचं वाचून तर मी चाटच पडलो. मुलांना बारा महिन्यांसाठी म्हणून नेलं होतं. 1941 च्या उन्हाळ्यात मुदत वाढवायची वेळ आली, तेव्हा छावण्यांच्या भिंतींवर 'ओहायो' असं लिहिलेलं दिसायला लागलं. ते राज्याचं नाव नव्हतं. ऑक्टोबर आला की आम्ही पळणार, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. मुदतवाढ प्रतिनिधिगृहात पास झाली ती 203 विरुद्ध 202 मतांनी. एका मताने! चार महिन्यांच्या आत पर्ल हार्बर झालं.

म्हणून मी नोंदणीच्या विरोधात नाही. कुणाचाच मुलगा यादीत नसेल तर युद्ध म्हणजे क्रिकेटची मॅच होते, सोफ्यावर बसून ओरडायला मोकळे. माझं भांडण आहे ते स्वतः वयाची सीमा ओलांडून बसलेल्या, पोरगा तीस पार झालेल्या आणि वर छाती पुढे काढणाऱ्या मंडळींशी. (काकांचा मुलगा छत्तीसचा आहे. विचारलं मी.)

त्यांच्यासाठीही इतिहासात सोय आहे बरं का. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकेने 45 ते 64 वयाच्या पुरुषांचीही नोंदणी केली होती. लढायला नाही, कुणाला काय काम येतं, ते देशाच्या उपयोगी पडेल का, हे बघायला. गंमत म्हणून मी ग्रुपवर टाकलं, चला, आपणही अशी यादी करू, नाव आणि येणारं काम लिहा. पहिलं नाव माझंच घातलं. वय 52, काम: एक्सेल, आणि बऱ्यापैकी पोळ्या.

दोन दिवस झाले, खाली निळ्या टिका आहेत फक्त. काकांचीही आहे.