‘हेमी डे’: एका आकड्याच्या गमतीवर चढवलेला इतिहास

एप्रिल संपत आला की जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: २६ एप्रिल हा अमेरिकेत ‘हेमी डे’ नावाचा राष्ट्रीय दिवस आहे, १९६४ साली याच दिवशी क्रायस्लर कंपनीने, आपणच शोधलेल्या अर्धगोलाकार (इंग्रजीत ‘हेमिस्फेरिकल’, म्हणून हेमी) ज्वलनकक्षाचे ‘४२६ हेमी’ इंजिन जगापुढे आणले, ते त्या काळातले सर्वांत मोठे आणि सर्वांत ताकदवान इंजिन होते, त्याच्या धास्तीने नॅस्कार या अमेरिकेतील मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेने त्याच्यावर कायमची बंदी घातली, तेच इंजिन आजही क्रायस्लरच्याच रॅम आणि डॉज या नावांच्या गाड्यांत बसवले जाते, आणि जाता जाता खास आपल्यासाठी एक पुस्ती, की मुंबईतल्या जुन्या डॉज-प्लिमथ गाड्यांमध्येही हेच इंजिन होते. एवढ्या विधानांत निर्विवाद खरे एकच आहे, ते म्हणजे ४२६ हेमी नावाचे एक असामान्य इंजिन होऊन गेले. बाकीच्यांचा समाचार क्रमाने घ्यायला हवा, कारण या मजकुरात खरी गंमत आणि खरा इतिहास, दोन्ही हरवले आहेत.

प्रथम तारखेविषयी. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने ठरलेल्या वार्षिक सुट्ट्या अकरा आहेत आणि त्यांत कोणत्याही इंजिनाचा समावेश नाही. ‘हेमी डे’ हा हौशी लोकांनी काढलेला विनोद आहे. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर येतो, म्हणून २६ एप्रिल ही ४/२६ अशी लिहिली जाते, आणि इंजिनाचे आकारमान ४२६ घनइंच. बस, एवढाच संबंध. हेच ४/२६ आपल्या पद्धतीने वाचायला गेल्यास सव्विसावा महिना शोधावा लागेल. इंजिनाचे पदार्पण म्हणावे तर ते २३ फेब्रुवारी १९६४ रोजी झाले, फ्लॉरिडातील डेटोना ५०० या शर्यतीत. तिथे शर्यतपटू रिचर्ड पेटीने क्रायस्लरची प्लिमथ चालवत २०० पैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखली आणि पहिले तिन्ही क्रमांक हेमी बसवलेल्या प्लिमथ गाड्यांनी पटकावले. सण इतिहासावर बेतायचा असता तर तो फेब्रुवारीत पडला असता.

हा विनोद पुढे नेला की त्याची खरी लज्जत कळते. २७ एप्रिल शेव्हरोले आणि फोर्ड या दोघांच्याही ४२७ इंजिनांना मिळतो, २८ एप्रिल फोर्डच्या ४२८ ला आणि २९ एप्रिल त्याच कंपनीच्या बॉस ४२९ ला. म्हणजे एप्रिलअखेर सलग चार दिवस उत्सव. मात्र क्रायस्लरच्याच ४४० ला, शेव्हरोलेच्या ४५४ ला आणि ब्युइक, ओल्ड्समोबिल, पॉन्टिअॅक यांच्या ४५५ ला दिनदर्शिकेत जागाच नाही. शेव्हरोलेचे ३५० घनइंचाचे इंजिन अमेरिकेत अक्षरशः घरोघरी पोहोचले, पण मार्चला पन्नास दिवस नसल्यामुळे तेही उपाशी राहिले. आकड्याच्या योगायोगाने दिलेल्या मानाला पराक्रमाचा पुरावा समजू नये, एवढे यावरून दिसावे. हेमीच्या कंपनीनेही ही गंमत व्यापारासाठी अचूक उचलली: ‘हेलेफंट’ या १००० हॉर्सपॉवरच्या ४२६ घनइंची सुट्या इंजिनाची नोंदणी २०१९ मध्ये मुद्दाम २६ एप्रिललाच उघडण्यात आली.

४२६ हा आकडाही हेमीचा एकट्याचा नव्हता. १९६३ सालीच क्रायस्लरचे त्याच आकारमानाचे, पण पाचरीच्या आकाराचा ज्वलनकक्ष असलेले ‘मॅक्स वेज’ इंजिन ड्रॅग शर्यतींच्या (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतींच्या) पट्ट्यांवर धावत होते, आणि त्याच्या वरच्या आवृत्तीची जाहीर ताकदही ४२५ हॉर्सपॉवरच होती.

आता शोधाचे श्रेय. अर्धगोलाकार ज्वलनकक्ष म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर उपडी ठेवलेली नारळाची करवंटी, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. या आकाराचे फायदे इंजिनावर काम करणाऱ्या कोणालाही पटकन उमगतात. ठरावीक आकारमानासाठी पृष्ठभाग कमी राहतो, त्यामुळे ज्वलनाची उष्णता धातूत कमी वाया जाते. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसवता येतात, त्यामुळे ते मोठे ठेवता येतात आणि इंधन-हवेचे मिश्रण एका बाजूने आत येऊन धूर दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडतो. इतके उघड फायदे असलेली कल्पना १९६४ पर्यंत कोणाला सुचली नसेल, हे मुळात संभवतच नाही. ब्रिटनच्या रायली कंपनीने १९२६ साली आपल्या ‘नाइन’ गाडीत ती वापरली होती. जॅग्वारचे प्रसिद्ध एक्सके इंजिन १९४८ मध्ये आले, त्याचाही ज्वलनकक्ष अर्धगोलाकारच. सर्वांत मजेशीर उदाहरण झोरा आर्कस-डुंटोव्ह यांचे आहे. पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटचे शिल्पकार म्हणून गाजलेल्या या गृहस्थांनी १९४० च्या दशकातच फोर्डच्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरच्या) इंजिनासाठी ‘आर्डन’ नावाची हेमी पद्धतीची सिलिंडर हेड बनवली होती. म्हणजे पुढे जनरल मोटर्सचा झालेला माणूस फोर्डच्या इंजिनावर हेमी बसवत होता, तेव्हा क्रायस्लरचे पहिले हेमी बाजारात यायचे होते.

क्रायस्लरचे श्रेय यामुळे कमी होत नाही, पण ते नेमके कुठे द्यायचे हे कळते. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने लढाऊ विमानासाठी सोळा सिलिंडरचे, अर्धगोलाकार कक्षाचे इंजिन तयार केले होते. ते उत्पादनात गेले नाही. तो धडा मात्र १९५१ च्या ‘फायरपॉवर’ इंजिनाच्या रूपाने रस्त्यावर उतरला. त्याचे आकारमान ३३१ घनइंच आणि ताकद १८० हॉर्सपॉवर. याच आकारमानाचे कॅडिलॅकचे व्ही-८ दोन वर्षांपूर्वी १६० हॉर्सपॉवरवर आले होते. एक महागडी रचना सर्वसामान्य पुशरॉड (दांड्यांनी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या) व्ही-८ मध्ये बसवून मोठ्या संख्येने विकणे, ही क्रायस्लरची खरी करामत. आणि तीही ४२६ च्या तेरा वर्षे आधीची.

‘सर्वांत मोठे आणि सर्वांत ताकदवान’ या विधानाचा पहिला अर्धा भाग ४४०, ४५४ आणि ४५५ या आकड्यांनीच निकालात निघतो. दुसऱ्या अर्ध्याला जरा वेळ द्यायला हवा. १९६६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आलेल्या ‘स्ट्रीट हेमी’ची जाहीर ताकद ५००० आरपीएमला ४२५ हॉर्सपॉवर होती. १९७० च्या शेव्हरोले एलएस६ या इंजिनाची जाहीर ताकद ४५०. त्याच वर्षीचे ब्युइकचे ‘स्टेज वन’ कागदावर ३६० हॉर्सपॉवरचे, पण त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५१० पाउंड-फूट, तर हेमीचा ४९०. मात्र हे आकडे एकमेकांपुढे ठेवून निवाडा करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ पूर्वीची ही मापे ‘ग्रॉस’ पद्धतीची होती, म्हणजे गाडीतला सायलेन्सर, पंखा असा लवाजमा न जोडता चाचणीच्या बाकावर चालवलेल्या इंजिनाची. शिवाय विमा कंपन्या आणि शर्यतींचे वर्गीकरण यांच्याकडे एक डोळा ठेवून कंपन्या हे आकडे सोयीने कमी-जास्त लिहीत. हेमीची खरी ताकद ४२५ हून अधिक होती असे जाणकार मानतात आणि ते मलाही पटते, पण तोच संशयाचा फायदा शेव्हरोलेच्या एल८८ या इंजिनालाही द्यावा लागतो.

माझ्या मते हेमीचे मोठेपण त्याच्या बांधणीत आहे, आणि ते बॉनेट उघडताच दिसते. रुंद काळ्या व्हॉल्व्ह कव्हरच्या ऐन मध्यभागी चार भोके, आणि स्पार्क प्लगच्या वायरी सरळ त्यांतून खाली गेलेल्या. प्लग कक्षाच्या माथ्याजवळ बसवल्यामुळे त्यांना दुसरी वाटच नाही. कव्हर काढले तर प्रत्येक हेडवर रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांच्या) दोन स्वतंत्र दांड्या, एक इनटेकची आणि एक एक्झॉस्टची. इनटेक व्हॉल्व्ह २.२५ इंच व्यासाचा, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. या सगळ्यामुळे इंजिन अवाढव्य, जड आणि महाग झाले. त्याला ‘हत्ती’ हे टोपणनाव मिळाले ते उगाच नाही.

बंदीची कथा अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच अधिक फसवी. १९६५ च्या हंगामासाठी नॅस्कारचे प्रमुख बिल फ्रान्स यांनी हेमीला बाहेर ठेवले हे खरे. कारण असे दिले गेले, की सर्वसामान्य ग्राहकाला विकत न मिळणारे इंजिन ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत चालणार नाही. त्याच नियमांनी फोर्डचे ‘हाय-रायझर’ इंजिनही बाद केले, हे मजकुरात सोयीस्करपणे गाळलेले असते. या निर्णयामागे १९६४ हे वर्षही उभे होते. शर्यतपटू जो वेदरली जानेवारीत मरण पावला, फायरबॉल रॉबर्ट्स शार्लटच्या अपघातात भाजून जुलैमध्ये गेला, आणि डेटोनाला हेमीच्या जोरावर दुसरा आलेला जिमी पार्ड्यू सप्टेंबरमध्ये टायरची चाचणी घेताना मरण पावला. वेग टायरच्या आणि गाडीच्या कुवतीबाहेर चालला होता. क्रायस्लरने बहिष्कार टाकला, पेटी काही काळ ड्रॅग शर्यतींकडे वळला, हंगामाच्या मध्यावरच तडजोड झाली आणि पेटी परतला. १९६६ मध्ये हेमी दुकानात मिळू लागल्यावर मूळ आक्षेपच उरला नाही. त्या वर्षीची डेटोना ५०० पुन्हा पेटीनेच हेमीवर जिंकली आणि १९६७ मध्ये त्याने २७ शर्यती मारल्या, त्यांतल्या दहा ओळीने. कायमची बंदी अशी नसते. उलट बंदी आली नसती, तर हे शर्यतीचे इंजिन गिऱ्हाइकाच्या गाडीत उतरवण्याची निकड कंपनीला कितपत वाटली असती, याची मला शंका आहे.

‘तेच इंजिन आजही’ या विधानाला फार शब्द खर्चण्याची गरज नाही. मूळ ४२६ चे उत्पादन १९७१ मध्ये थांबले. २००३ च्या रॅम ट्रकपासून आलेले ५.७ लिटरचे हेमी हे वेगळे इंजिन आहे: कक्ष बराच चपटा, कडांना मिश्रण दाबून घुसळणारे सपाट भाग, आणि एकेका सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग. शुद्ध अर्धगोलात मिश्रण संथ जळते आणि कॉम्प्रेशन वाढवायला घुमटी पिस्टन लागतात, त्यामुळे प्रदूषणाचे नियम पाळणे अवघड जाते; म्हणून हा बदल झाला. नाव मात्र कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, ते कायम राहिले. जुन्या ४२६ च्या रचनेचे खरे वंशज शोधायचे तर ते टॉप फ्युएल नावाच्या वर्गाच्या ड्रॅग शर्यतीत, नायट्रोमिथेन हे इंधन जाळणाऱ्या ५०० घनइंची अॅल्युमिनियमच्या इंजिनांत सापडतात.

राहिली मुंबईची पुस्ती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरशी करार करून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या गाड्यांमध्ये सहा सिलिंडरचे साधे साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे, ज्यात व्हॉल्व्ह ज्वलनकक्षाच्या माथ्यावर नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असतात. हेमीच्या नेमकी उलट रचना. शिवाय या गाड्या १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९५० चे दशक यांतल्या आणि ४२६ चा जन्म १९६४ चा. भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलेले हेमी पाहायचे असेल, तर २०१६ साली इथे आलेल्या, ६.४ लिटर इंजिनाच्या जीप ग्रँड चेरोकी एसआरटीचे बॉनेट उघडावे लागेल. आणि तीही पूर्ण तयार होऊन परदेशातून आयात झालेली होती.