अपॉस्ट्रॉफी अन् आमची माय

घरात दहावीचं पोट्टं असलं की बापाची परीक्षा जूनपासूनच सुरू होते. बाप बी.ए. आहे, एवढ्या भरवशावर आमच्या पोरीनं इंग्रजीचं पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. ते बी.ए. मराठी घेऊन केलेलं होतं, पण ऐकतं कोण!

आर्टिकलं कशीबशी निभावली. 'अवर'ला 'ॲन' आणि 'युनिव्हर्सिटी'ला 'अ', कारण अक्षराकडे बघायचं नाही, उच्चाराकडे कान द्यायचा. हे पटलं. आमच्या गावातही सातबाऱ्यावरचं नाव एक अन् हाक मारायचं दुसरंच.

पण अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर लटकणारा तो स्वल्पविराम! 'रामाचं वावर' लिहायचं तर ती पाहिजेच. 'इट्स' म्हणजे 'ते आहे' असेल, तरी पाहिजे. मात्र त्याच 'इट्स'चा अर्थ 'त्याचं' असेल, तर नको. मालकी दाखवायला नेमलेला गडी, ऐन मालकीच्या वेळी सुट्टीवर!

कॉमाचं दुखणं तर जुनंच. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणाऱ्या मेजर थॉमस कँडीसाहेबानं ही विरामचिन्हं मराठीत रुजवली. त्याआधीची मोडी हात न उचलता पळायची. आमच्या पेटीत पणजोबांचं मोडी खरेदीखत आहे. जाणकाराकडून वाचून घेतलं, तर वावर विहीर चिंच चतुःसीमा साक्षीदार, सारं एका दमात. वऱ्हाडी माणूस अजून तसाच बोलतो. साहेबाचा हात आमच्या जिभेपर्यंत पोचलाच नाही.

पुढं अलंकार. तिथंही अपॉस्ट्रॉफी! नाव तेच, धंदा वेगळा. समोर नसलेल्या माणसाला किंवा न बोलणाऱ्या वस्तूला थेट हाक मारायची. पोरीला उदाहरण पाहिजे होतं अन् मला घाम फुटला होता.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. आमचं गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळं सारी भिस्त वरच्यावर. वावरात पऱ्हाटीनं मान टाकलेली. माय अंगणात आली, कमरेवर हात ठेवले आणि आभाळाकडे बघून सुरू झाली :

"काहून रे बाप्पा, तिकडं अमरावतीले बरसून रायला, अन् आमच्या वावरावरून तोंड लपवून चालला? लाज नाई वाटत? माया डोयाच्या पाण्यानं पूर्णेले पूर येईन, पण तुले पाझर फुटणार नाई!"

पोरगी धडाधड लिहीत सुटली. पावसाला हाक मारली, अपॉस्ट्रॉफी. त्याला तोंड अन् लाज दिली, पर्सॉनिफिकेशन. पूर्णेचा पूर, हायपरबली. गाईडमध्ये यापेक्षा बरी उदाहरणं नव्हती, हे मी पैजेवर सांगतो.

"आजी, सिमिली रायली, म्हंजे उपमा. एक बोल ना!"

"याचं काय भेटते?"

"एका अलंकाराचा एक मार्क."

"इतकं बोलून एक मार्क?" माय उखडलीच. "तुया मास्तरले एक डाव निंदाले धाड इकडं. पुरा पेपर सांगतो त्याले!"