सरासरी काढावी लागते

परवाच्या रविवारी पुण्यातल्या सेंद्रिय भाजीच्या बाजारात एका सद्गृहस्थांनी माझ्या दुधीला भोसकलं. गुन्ह्याची नोंद कुठेच झाली नाही, म्हणून इथे करतो.

काका सत्तरीच्या आतबाहेरचे. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं एक पांढरं यंत्र. लेकीनं परदेशातून पाठवलेलं, हे त्यांनी न विचारता सांगितलं, पण नंतर. आधी शेजारच्या टेबलावरचा फुकटचा गवती चहा त्यांनी दोनदा घेतला, मग माझ्यासमोर उभे राहिले, यंत्राचं टोपण काढलं आणि सुई सरळ दुधीच्या पोटात घातली.

"अहो काका, हे काय करताय?"

"थांबा. रीडिंग येतंय."

रीडिंग आलं. काकांनी मान हलवली. दवाखान्यात अशी मान हलली की नातेवाइकांना बाहेर बोलावतात.

"जास्त आहे."

"काय जास्त आहे?"

"नायट्रेट!" हे मात्र त्यांनी चार टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि दुसऱ्या दुधीला सुई लावली. मग तिसऱ्या. मी हात आडवा घातला तर म्हणाले, "असं कसं? सरासरी काढावी लागते."

हे यंत्र भाजीतून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून नायट्रेटचा, म्हणजे खतातून भाजीत उतरणाऱ्या नत्राचा, अंदाज बांधतं. कीटकनाशक आहे की नाही हे त्याच्या बापालाही कळत नाही. पण स्क्रीनवर लाल रंग आला की माणसं जमतात. जमली.

आता ह्या दुधीची हकीकत सांगतो. सासवडच्या पुढे आमचं दीड एकर आहे. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे लाच मुंबईत येऊन बसला, येण्याची तारीख 11 जून असताना. आमच्याकडेही मे महिन्यातच चिखल. वाफसा येईना, म्हणजे माती कामाजोगी सुकेना, मशागत होईना, आणि तोवर लव्हाळ्यानं रान ताब्यात घेतलं. लव्हाळा उपटला तरी जमिनीतल्या गाठी शाबूत राहतात. खुरपणीला आलेल्या मावशी बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, ह्यात काढायचं काय आन् ठेवायचं काय, तेवढं दावा."

तणनाशक मारायचं नाही, तेव्हा रोजंदारी मोजायची. युरिया टाकायचा नाही, तेव्हा जीवामृत. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. आई दर वेळी डबा उघडून विचारते, "पिठल्यापुरतं तरी ठेवलंयस का?" दशपर्णी अर्काबद्दल घरात बोलायला बंदी आहे. दहा झाडांचा पाला महिनाभर पिंपात कुजल्यावर जो वास येतो, तो अंगाला लागलेला माणूस एसटीत बसला की शेजारची सीट आपोआप मोकळी होते. ही एवढीच सेंद्रिय शेतीतली सवलत.

दुधीचा खरा वैरी फळमाशी. मादी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. भोकातून डिंक येतो, फळ वाकडं होतं आणि आतून सडतं. त्यासाठी कामगंध सापळे लावतात, पण त्यात फक्त नर येतात. डंख मारणाऱ्या बाईसाहेब मोकळ्याच. म्हणून रोज सकाळी वेलाखाली वाकून डंख लागलेली फळं वेचायची आणि पुरायची. अख्खा पावसाळा मी दुधीला भोक पडू नये म्हणून झटलो. शेतातून सहीसलामत सुटलेले दुधी धुऊनपुसून पुण्याला आणले आणि इथे काका.

"शेणखतातूनही नायट्रेटच तयार होतं, काका. झाडाची मुळं ते नायट्रेट म्हणूनच घेतात."

"म्हणजे आहे!" काका गर्दीकडे वळले. "कबूल केलं त्यांनी."

"पालकात, मुळ्यात तर मुळातच जास्त असतं."

"पालक पण आहे का तुमच्याकडे?" आणि सुई पालकाकडे.

मी पीजीएसचं, म्हणजे सेंद्रिय शेतीचं, प्रमाणपत्र पुढे केलं. ह्या पद्धतीत गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. काकांनी ते चष्मा वर करून वाचलं. "म्हणजे चोरांनीच चोरांची झडती घ्यायची." लोक हसले. विनोद बरा होता, हे जास्त लागलं. मग त्यांनी सुई धुवायला माझ्याकडेच पाणी मागितलं. दोन तपासण्यांच्या मध्ये धुवावी असं पुस्तिकेत लिहिलंय म्हणे. तीन दुधी होईपर्यंत आठवलं नव्हतं.

गर्दीतल्या एका बाईंनी दुधी उचलला, फिरवला आणि म्हणाल्या, "याला भोक आहे. कमी करा."

"आत्ता त्यांनीच पाडलं, तुमच्यासमोर."

"ते असू दे हो, भोक आहे ना?"

साठचा दुधी तीसला गेला. उरलेले दोन आम्ही घरी खाल्ले.

मला राग काकांचा नाही. म्हणजे आहेच, पण त्याहून वेगळाही आहे. मंडईत ढिगानं पडलेल्या चकचकीत वांग्याला कोणी सुई लावत नाही. त्यावर काल काय फवारलं आणि तोडणीआधी किती दिवस थांबले, हे तिथे विचारलंत तर पुढे व्हा म्हणतील. ज्यानं फवारलं त्याला प्रश्न नाही. ज्यानं नाही फवारलं त्यानं प्रमाणपत्र दाखवायचं, हसू ऐकायचं, वर सुई धुवायला पाणी द्यायचं. आणि नायट्रेटची एवढी धास्ती घेतलेले काका जाताना शेजारच्या टेबलावरून बीटचा रस पिऊन गेले. बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं. मी बोललो नाही. पिऊ देत.

काल बाजाराच्या संयोजकांचा निरोप आला. ग्राहकांचा प्रतिसाद उत्तम असल्यामुळे काकांना पुढच्या रविवारपासून स्वतंत्र टेबल दिलं आहे, माझ्या डाव्या हाताला, विनाशुल्क. आमच्या टेबलाचं भाडं पाचशेचं सहाशे झालंय. कारण दिलंय, तपासणीची सोय.