शिक्का बघून मॅगझिन चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या परवानाधारकांच्या आणि माजी सैनिकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा (मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायचा, पिस्तुलाच्या मुठीत बसणारा भाग; उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत) : "पिस्तुलाचं मॅगझिन कंपनीचंच घ्या, ते कधी अडकत नाही. बाहेरचं म्हणजे डुप्लिकेट, ऐनवेळी दगा देणार. मिलिटरीत म्हणूनच बाहेरचं घेत नाहीत. मॅगझिन भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते. आणि कंपनीचं मिळालंच नाही तर आपल्या उद्यमबागेत कुणीही प्रेसवर काढून देईल." खाली 'जनहितार्थ' लिहिलेलं असल्यामुळे पुढे ढकलताना कुणी विचार करत नाही. वर 'बाहेरचं नको' आणि खाली 'उद्यमबागेतलं चालेल', यातली गंमतही कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

पहिला मुद्दा, कंपनीचं ते कंपनीनं बनवलेलं. असं गृहीत धरायला काही आधार नाही. इटलीत गार्दोने वाल ट्रोम्पिया नावाचं गाव आहे. बेरेटा तिथलीच, आणि मेक-गार ही फक्त मॅगझिनं बनवणारी कंपनीही त्याच भागातली. बेरेटा, सिग साउअर अशा नावाजलेल्या कंपन्यांना मेक-गारनं मॅगझिनं पुरवली आहेत. म्हणजे पिस्तुलाबरोबर खोक्यात आलं की ते 'ओरिजिनल', आणि त्याच कारखान्यातलं स्वतःच्या नावानं विकलं की 'बाहेरचं'. उद्यमबागेत ज्यानं चार वर्षं काढलीत त्याला हे समजावून सांगावं लागू नये. इथलं कास्टिंग बाहेर जातं, तिथं त्यावर दुसऱ्याचं नाव चढतं, आणि तेच कधीतरी आपण बाजारात दुप्पट दरानं घेऊन येतो.

उलट बाजूही खरी आहे. बाहेरच्या मालात टाकाऊ माल भरपूर असतो : पातळ पत्रा, कच्चं हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं), कुठूनतरी उचललेली स्प्रिंग. तेव्हा 'बाहेरचं बहुधा वाईट' एवढं म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. 'कंपनीचं कधी अडकत नाही' हे मात्र चूक.

मिलिटरीचा दाखला तर मेसेजवरच उलटतो. अमेरिकन लष्कराचं एम9 पिस्तूल म्हणजे बेरेटाच. इराकच्या युद्धात त्याची मॅगझिनं बारीक वाळूनं अडकायला लागली. ती बेरेटाकडची नव्हती, कंत्राटावर दुसरीकडे बनवून घेतली होती. इथवर ऐकून मेसेजवाले म्हणतील, बघा, आम्ही काय म्हणत होतो! पण पुढचं ऐका. मॅगझिनला आतून-बाहेरून जाड फॉस्फेटचा थर हवा, ही अट खुद्द लष्कराची होती. त्या खरबरीत थरावर वाळू धरायची आणि फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारा तुकडा, वर सरकायचा नाही. 2006 मध्ये एम9ए1 ही सुधारित आवृत्ती आली, त्याबरोबर गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आली. दोष ठेकेदाराच्या नावात नव्हता, पृष्ठभागात होता.

आपल्याकडे बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं (एमएलआय) सेंटर 1922 पासून आहे, त्यामुळे लष्करी 9 एमएम 1ए पिस्तूल हाताळलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. ते पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेलं, 13 गोळ्यांचं. हाय-पॉवरच्या मूळ रचनेत मॅगझिन काढलं की ट्रिगर निकामी होतो, कारण ट्रिगरला जोडलेला एक छोटा भाग मॅगझिनच्या पुढच्या अंगाला टेकून असतो. ते अंग खरबरीत असेल तर ट्रिगर ओढतानाच जड लागतो. मॅगझिन म्हणजे नुसती गोळ्यांची डबी असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता आपल्या कामाचा मुद्दा. 9 एमएम सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. आपल्याकडे पिस्तूल म्हणजे .32, मग ते सरकारी कारखान्याचं अशनी असो की आजोबांच्या काळातलं वेब्ली. ही गोळी जॉन ब्राउनिंगची, 1899 सालची, आणि तिच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड आहे. गोळीच्या पितळी नळीचा, म्हणजे केसचा, व्यास साधारण साडेआठ मिलिमीटर, कडेचा 9.1. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण सगळी भानगड तिथेच आहे. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालचीच्या कडेच्या पुढे राहायला हवी. ती मागे पडली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) वरच्या गोळीला पुढे ढकलते तेव्हा कड कडेत अडकते आणि दोन्ही गोळ्या जागेवर बसतात. मग स्लाइड कितीही ओढा. गोळी लांबीला थोडी आखूड असेल तर तिला पुढे-मागे हलायला जागा मिळते, आणि हे जास्त होतं. भरताना घाईत कड मागे राहिली तरीही होतं. यात मॅगझिनवर कुणाचा शिक्का आहे याला शून्य महत्त्व. भरताना प्रत्येक गोळी मागच्या भिंतीला टेकवण्याआधी कड कुठे बसतेय ते बघा.

दुसरं कारण लिप्स, म्हणजे वरची गोळी धरून ठेवणाऱ्या त्या दोन वळवलेल्या कडा. खानापूरकडचे आमचे एक मामा, निवृत्त हवालदार, त्यांच्या पिस्तुलाची गोळी तिरकी उभी राहून अडकायची. दोष खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या गोळीवर ढकलून ते मोकळे झाले होते. मॅगझिन मागितलं तर म्हणाले, "कंपनीचं आहे की रे, त्यात काय बघतोस?" रिकामं करून व्हर्निअर लावला. लिप्समधलं अंतर पुढे ठीक होतं, मागे एका बाजूनं कड उघडली होती, आणि बाहेरच्या कोपऱ्यावर घासल्याची पांढरी खूण. शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडलं असणार. मामांनी लगेच पक्कड शोधायला घेतली. ती त्यांच्या हातातून काढून घेतली, कारण कडक केलेला पत्रा थंडा वाकवला की बारीक चीर जाते आणि मग तो भरवशाचा राहत नाही.

दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा, हे ओळखायची पद्धत साधी आहे. मॅगझिनांवर मार्करनं नंबर घाला. रेंजवर अडकलं की नंबर लिहा. दोष एकाच नंबराबरोबर फिरत असेल तर ते मॅगझिन बाजूला. सगळ्यांत अडकत असेल तर पिस्तूल आर्मररकडे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे. मॅगझिन एकच असेल तर हे कळायला मार्ग नाही, म्हणून दुसरं असावं.

स्प्रिंगचं थोडक्यात. चांगल्या तारेची स्प्रिंग ठरवलेल्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी बसत नाही, ती दमते ती वारंवार दाबण्या-सोडण्यानं. म्हणजे दर महिन्याला 'विश्रांती' द्यायला रिकामं करून परत भरणारे उलट काम करतात. मूळ नळीत एक-दोन गोळ्या जास्त कोंबणारी मॅगझिनं याला अपवाद, तिथं तार आधीच मर्यादेवर असते. खानापूर-कणकुंबीच्या पावसात खरा शत्रू गंज आहे. आणि चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण, चामडं ओल धरून ठेवतं. बेसप्लेट, म्हणजे मॅगझिनचं बूड, काढून आत पुसा, तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. आत तेल ओतलं तर ते गोळीच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपपर्यंत जातं आणि धूळही धरतं.

राहिला उद्यमबागेचा सल्ला. 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय ते बनवणं हा गुन्हा आहे. प्रेसवाला आणि ऑर्डर देणारा, दोघेही गोत्यात. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तीच व्याख्या वाचावी. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पत्रा वळवणं हे त्यातलं सोपं काम, लिप्सचं हीट ट्रीटमेंट आणि मॅगझिन पिस्तुलात धरून ठेवणाऱ्या कॅचच्या खाचेची उंची हे अवघड. खाच थोडी खाली-वर झाली तर स्लाइड गोळीवरून नुसती निघून जाते किंवा गोळीचं टोक रॅम्पवर, म्हणजे तिला नळीत चढवणाऱ्या उतारावर, आपटतं.

तेव्हा मॅगझिन हवं असेल तर परवाना घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडेच जा आणि बिल घ्या. अशनीसाठी तरी कारखान्याचंच घ्यावं लागेल, दुसरा फारसा पर्याय इथं नाही. निवडणुकीत पिस्तूल ठाण्यात जमा करताना मॅगझिनं किती दिली ते पावतीवर लिहून घ्या, आणि परत घेताना लिप्स तिथंच टेबलावर बघून घ्या.