कडीवर कडी

पोपटपंची म्हणजे न समजता केलेली बडबड. हा शब्द काढणाऱ्याच्या घरी पोपट नव्हता, यावर मी पैज लावायला तयार आहे. पोपटाचा आवाज निघतो तो छातीपाशी, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथून. एवढ्याशा जागेतून तो मायक्रोवेव्हची टीटी, दाराची घंटी आणि फोन हुबेहूब काढतो. त्यातला कुठला आवाज पाठ करायचा? ज्या आवाजाला माणसं हातातलं टाकून पळतात, तो. राखाडी आफ्रिकन पोपट यात सर्वांत तयार.

पण आवाजाचं नंतर. खरा छळ कडीचा आहे.

पिंजऱ्याबरोबर येणारी कडी ही कडी नसते, ती पोपटाला दिलेली शिकवणी असते. वर सरकणारं दार तो चोचीने उचलतो. वाटीच्या खिडकीची फिरकी जिभेने फिरवतो. स्प्रिंगचा चाप लावावा, तर चोच घालून दाबतो. आणि का दाबू नये? त्याची वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असते, त्यामुळे ती स्वतंत्र हलते. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, म्हणजे पकडच तयार. जीभ जाड, चाचपायला बोटासारखी. पक्कड, पाना आणि बोट असं सगळं सामान घेऊन प्राणी आत बसलाय आणि आपण त्याच्यापुढे दोन इंचांची तार अडकवतो.

टिकते ती गिर्यारोहकांची आटे फिरवून बंद होणारी कडी. तीही स्टेनलेस स्टीलचीच. जस्ताचा मुलामा असलेली घेतली तर तो मुलामा कुरतडून पोटात जातो आणि जस्ताची विषबाधा होते. आटे हाताने आवळून भागत नाही, कारण हाताने आवळलेलं चोचीने सुटतं. शेवटचा पाव फेरा पान्याने द्यायचा. कुलूप उत्तम, पण मग किल्ली हरवायचं काम आपल्याकडे येतं, आणि घाईच्या वेळी पक्षी बाहेर काढता येत नाही. पिंजऱ्याचे इतर नट-बोल्टही आठवड्यातून एकदा तपासावेत. दार सुटेना म्हटल्यावर आख्खी भिंत सोडवायचा विचार त्याच्या डोक्यात येतोच.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेला व्हिएन्नाच्या संशोधकांचा प्रयोग पाहा. गॉफिन जातीच्या काकाकुवांसमोर पारदर्शक दारामागे काजू ठेवला आणि दाराला वेगवेगळ्या प्रकारच्या पाच कड्या लावल्या, अशा की एक सोडवल्याशिवाय पुढची सुटू नये. एकाने कुणाच्याही मदतीशिवाय दोन तासांच्या आत सगळ्या सोडवल्या. मधली एखादी कडी काढून टाकली तर हे पक्षी तिच्या आधीच्या कड्यांना हातसुद्धा लावत नव्हते, थेट पुढच्या कडीवर जात होते. माझ्या ओळखीची बरीच माणसं तसं करत नाहीत.

याचं मूळ कारण मात्र कडीत नाही, वाटीत आहे. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. आपण भरलेली वाटी ठेवतो, ती पंधरा मिनिटांत आटोपते, आणि उरलेला दिवस तो आपल्यावर काढतो. ज्याला कडीही मिळत नाही तो स्वतःची पिसं उपटत बसतो. म्हणून जेवण कठीण करायचं. न छापलेल्या कागदात चार दाणे ठेवून आधी नुसती घडी घालायची. ती जमली की पीळ द्यायचा. मग ती पुडी पुठ्ठ्याच्या नळीत कोंबायची. स्टेपलरची पिन नको, सुटा दोरा नको. दोरा बोटाला गुंडाळला जातो. पहिल्याच दिवशी नळी दिली तर तो तिला घाबरतो किंवा उपाशी बसतो. त्यासाठी रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करायचं. राखाडी पोपट साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा; नेहमीच्या वजनात दहा टक्के घट दिसली की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे, कारण आजार लपवण्यातही तो हुशार असतो. आधी अर्थात त्याला काट्यावर उभं करावं लागतं, काटा न खाता.

आता आवाज. किंचाळल्यावर धावायचं नाही, हळू शीळ घातली की लगेच उत्तर द्यायचं. नियम एवढाच. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं, हे ठरलेलंच आहे. सगळे दात-ओठ खातात, कान दाबतात, आणि आठव्या दिवशी घरातलं कुणीतरी ओरडतं, “गप्प बस!” झालं. पोपटाच्या दृष्टीने ती दाद आहे. आठ दिवस नेटाने लावून धरलं की माणूस बोलतो, एवढं तो शिकला. पुढच्या खेपेला नऊ दिवसांची तयारी ठेवा.

तापलेली नॉनस्टिक भांडी आणि पक्षी एका घरात ठेवू नयेत. त्या लेपाच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. यात विनोद नाही.

बाकी रोजचं चालू राहतं. मी वीस मिनिटं खपून केलेली पुडी तो चाळीस सेकंदांत सोडवतो, दाणे खातो, कागद पाण्याच्या वाटीत बुडवतो आणि फोनसारखा वाजतो. मी उठतो. फोन खराही असू शकतो.