आई आहे हे सिद्ध करा म्हणे!

आज सकाळी आतेभावाचा ब्रिटनमधल्या लेस्टरहून फोन आला. आत्याला तिकडे न्यायचा अर्ज नामंजूर. कारण काय, तर ती त्याची आई आहे हेच तिथल्या व्हिसाच्या साहेबाला पटलेलं नाही! तेव्हापासून डोकं भणभणतंय.

आत्या माहेरची शांता, लग्नात नाव बदललं, लक्ष्मी झाली. आपल्याकडे घरोघर हेच. भाऊ घरातच जन्मला, सुईण गल्लीतली. जन्मनोंदणीचा कायदा 1969चा, पण विड्या वळणाऱ्या बाईला तो कोण सांगणार? भाऊ परदेशी निघाला तेव्हा कोर्टाचा आदेश घेऊन नोंद केली. शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून, गुरुजींनी घातलेली तारीख. रेशन कार्डावर शांता, जन्मनोंदीत लक्ष्मी. झालं, यांना शंका घ्यायला एवढं पुरलं.

कागद खोटे आहेत असं ते लिहीत नाहीत हां. भरवशाचे नाहीत, एवढंच. म्हणजे खोटं ठरवायची जबाबदारी त्यांच्यावर नाही, खरं ठरवायची आमच्यावर! तिथल्याच न्यायाधिकरणानं 2002 साली सांगितलंय की कागद सुटा बघायचा नाही, सगळ्या पुराव्यासोबत बघायचा. मग बघा की! आत्याचं विडी कामगार कार्ड बघा. घडीवर सेलोटेप, आणि निळ्या शाईत मुलाचं नाव, वय 6.

बोगस दाखले विकणारे आपल्याकडे आहेत, मान्य. त्यांचं पाप आत्याच्या माथी का?

डीएनए करा, असं सगळे सांगतायत. करू, पैसेही भरू. 1985 मध्ये त्याच देशात अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञानं घानाहून परतलेल्या एका मुलाचं आईशी नातं डीएनएवरून दाखवून दिलं होतं, पोरगं आईजवळ राहिलं. पुढे अर्जदारांवर डीएनएची सक्ती केली म्हणून 2018 मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी माफी मागितली. आता सक्ती नाही, पण हातातले सगळे कागद नाकारले तर दुसरा रस्ता उरतो कुठं?

दुपारी आत्याकडे गेलो. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच. म्हणाली, "कुठला कागद राहिला रे बाळा? ट्रंकेत बघ की एकदा." मला उत्तर सुचलं नाही.

परदेशातून अपील करायला 28 दिवस मिळतात. साखर पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांनो, ज्यांनी आत्याला त्या पोराला वाढवताना पाहिलंय त्यांचं प्रतिज्ञापत्र हवंय. मला इनबॉक्स करा, नोटरीचा खर्च माझा.