अवघड कांजी लिहिली की जास्त गुण?

जपानी शिकणाऱ्यांत हमखास फिरणारा सल्ला असा: ‘परीक्षेच्या निबंधात जमेल तितकी अवघड कांजी (चिनी लिपीतून आलेली अर्थवाही चिन्हं) घाला; परीक्षकावर छाप पडते, गुण वाढतात.’

पण परीक्षा कुठली? बहुतेकजण देतात ती जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, आणि तिच्यात निबंध मुळात नाहीच. पर्याय निवडून गोल काळे करायचे. हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या सोप्या लिपीत) दिलेल्या शब्दाची बरोबर कांजी निवडायचा प्रश्न एन५ या सर्वांत सोप्या पातळीपासून एन२ पर्यंत येतो. सर्वांत वरच्या एन१ मध्ये तोही नसतो. निबंध लागतो तो जपानी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या ईजेयूत: दोनपैकी एक विषय, ३० मिनिटं, ४०० ते ५०० अक्षरं, ५० गुण. तपासतात ते मुद्दा, त्यामागची कारणं, रचना आणि भाषा. कांजीच्या अवघडपणाला वेगळे गुण नाहीत.

‘कांजी जास्त तर भाषा प्रौढ’ हेही खोटं. ‘कोतो’ (गोष्ट), ‘तोकी’ (वेळ), ‘तामे’ (साठी) हे शब्द व्याकरणापुरते आले की जपानी सरकारी कागदपत्रांतसुद्धा हिरागानात लिहितात. ‘पाणी द्या’ मधल्या ‘कुदासाइ’ला कांजी चालते, ‘वाचा’ म्हणताना ‘योन्दे’ला जोडून येणारं ‘कुदासाइ’ मात्र हिरागानात. सगळीकडे कांजी कोंबणाऱ्याला हा फरक माहीत नाही, हे लगेच कळतं.

खरं नुकसान चुकांनी होतं. ‘सेन्मोन’ (विशेष अभ्यासाचा विषय) मधल्या ‘मोन’ची कांजी म्हणजे नुसतं दार. घाईत त्या दारात ‘तोंड’ या अर्थाच्या कांजीचा चौकोन काढला की ‘प्रश्न’ या अर्थाची कांजी होते. तिचाही उच्चार ‘मोन’च, म्हणून चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. ‘ताइशो’ या उच्चाराचे तर तीन शब्द, तिन्हींच्या कांजी वेगळ्या: लक्ष्य, तुलनेतला विरोध, सममिती. हिरागानात लिहिलं असतं तर जरा बाळबोध दिसलं असतं एवढंच. चुकीच्या कांजीने वाक्याचा अर्थच फिरतो. वेळेचाही हिशोब आहे. ‘यूउत्सु’ (उदासी) हिरागानात उत्तरपत्रिकेच्या चार चौकटींत बसतं, कांजीत त्यातल्या एकट्या ‘उत्सु’ला २९ रेघा.

उलट टोकाला जाऊन सगळं हिरागानात लिहू नका. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, कांजी नसली की शब्द कुठे सुटतो तेच समजत नाही. प्रश्नात छापलेली कांजी बघून तशीच उतरवा. ‘कान्क्यो’ला (पर्यावरण) हिरागानात पाच चौकटी लागतात, कांजीत दोन, म्हणजे मुद्दा मांडायला तीन चौकटी वाचल्या. अर्धीच कांजी आठवत असेल तर अर्धा शब्द कांजीत, अर्धा हिरागानात असं करू नका. सोपा पर्यायी शब्द घ्या. ‘मिजिकाइ’त (आखूड) कांजीबाहेर हिरागानात फक्त ‘इ’ राहतो, ‘काइ’ नाही. असल्या शेपटांवर एक नजर टाकायला शेवटची तीन मिनिटं ठेवा. त्याच फेरीत वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘देसु-मासु’ (आदरार्थी) आणि ‘दा-देआरु’ (साध्या, लेखी) शैलींची सरमिसळ झाली नाही ना, तेही बघा.

अवघड कांजीचीच हौस असेल तर कांजी केंतेइ ही वेगळी परीक्षा आहे. तिच्या दुसऱ्या श्रेणीला रोजच्या वापराच्या यादीतल्या २,१३६ कांजी येतात, पहिलीला सुमारे ६,०००.